दोन झाकणं

काळं फिनाईल पाण्यात टाकलं की पाणी दुधासारखं पांढरं होतं, हे मी कुठल्याही पुस्तकात वाचायच्या आधी आमच्या अमरावतीच्या घरात पाहिलं. पुढे मी रसायनशास्त्र शिकवायला लागले, त्यामुळे ते पांढरं का होतं हे मला सांगता येतं. तेलाचे अगदी बारीक थेंब पाण्यात तरंगत राहतात, विरघळत नाहीत, एवढंच. माझ्या आईला हे कारण कोणी सांगितलं नव्हतं. तिच्या मते पाणी जितकं पांढरं तितकं औषध जोरदार, आणि जोरदार औषध म्हणजे चांगलं औषध.

आई बायकांच्या दवाखान्यात आया होती. बाळंतिणींच्या खोलीची फरशी पुसायची, रक्ताचे कपडे धुवायची, भांडी उचलायची. तिथे फिनाईल मापानं मिळायचं आणि माप सिस्टरच्या हातात असायचं. आईपाशी तयार बादली यायची. ती नुसती बघायची आणि हुंगायची. सात-आठ वर्षं बघून बघून तिला वाटायला लागलं होतं की आपल्याला फिनाईल कळतं. रोज आगगाडी बघणाऱ्याला इंजिन थोडंच चालवता येतं! पण हे तिला सांगणार कोण? घरात तिच्याइतकं दवाखाना पाहिलेलं दुसरं कोणी नव्हतं.

तिच्या बोटांच्या पेरांवरची कातडी बारा महिने सोललेली असायची. जेवण झालं की खोबरेल चोळत बसायची आणि म्हणायची, "कामाचे हात हायेत हे." मी तेव्हा तिच्या हातांकडे अभिमानानं बघत असे. आता आठवलं की माझाच मला राग येतो.

आमचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत सारवलेली जमीन, मागच्या खोलीत सिमेंट. वडील जिनिंगमध्ये होते, कापसाच्या हंगामात दोन-दोन पाळ्या करायचे आणि घरी येऊन झोपायचे. बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन सहा-सात वर्षं झाली होती. आम्ही देव नदीत सोडून दिले, तेव्हा त्यांचा कोनाडा रिकामा पडला. फोटो लावला तो भिंतीवर वरती, चांगल्या चौकटीत. कोनाड्यात आईनं आधी कंदील ठेवून पाहिला, मग आरसा ठेवला आणि शेवटी फिनाईलची बाटली ठेवली. वडील एकदा हसून म्हणाले, "देव गेले अन् हे आलं." आई म्हणाली, "हे कामाचं हाये." यात आईला गंमत वाटत नव्हती. ती फिनाईलच्या बाबतीत फार गंभीर होती.

त्याला कारण होतं. माझ्या आणि माझ्या मोठ्या बहिणीच्या मध्ये एक भाऊ झाला होता, मूर्तिजापूरजवळच्या आमच्या गावी. नाळ विळ्यानं कापली, वर राख लावली, जसं सगळ्यांचं करत तसंच केलं. सात दिवस पोर चांगलं होतं. आठव्या दिवशी त्याचा जबडा बसला, अंग धनुष्यासारखं वाकलं आणि ते गेलं. धनुर्वात. गावात त्याला आठव्या दिवसाचं दुखणं म्हणत आणि कोणी फार बोलत नसे. मग आई-वडील अमरावतीला आले, आईला दवाखान्यात काम लागलं, आणि तिनं पाहिलं की इथे पोरं आठव्या दिवशी मरत नाहीत. त्याचं कारण उकळलेली कात्री आणि उकळलेला दोरा होता. पण उकळणं आतल्या खोलीत चालायचं. आईच्या हाती होती ती बादली, म्हणून तिनं श्रेय बादलीला दिलं.

मी आठवीत होते तेव्हा माझी बहीण पहिल्या बाळंतपणासाठी तेल्हाऱ्याहून माहेरी आली. बाळंतपण दवाखान्यातच झालं. आई त्या दिवशी कामावर होती, तिनं स्वतःच्या हातानं फरशी दोनदा पुसली होती. मुलगा झाला. तिसऱ्या दिवशी दोघांना घरी आणलं आणि त्याच दुपारी तेल्हाऱ्याच्या मोटारीनं बहिणीची सासू आली. आमच्याकडे मुलीच्या सासूला इनबाई म्हणतात, आणि तीही मुलीच्या आईला इनबाईच म्हणते. ही इनबाई बाराव्या दिवसापर्यंत राहणार होती.

इनबाई उंच, काटक आणि तोंडाची फटकळ होती. जन्मभर लोकांच्या कापसात राबलेली. तिची पाचही पोरं घरी झाली होती आणि पाचही जगली होती, त्यामुळे तिला दवाखान्याचं काही कौतुक नव्हतं. आल्याआल्या ती बाळंतिणीच्या खोलीत शिरली. मागची खोली आईनं रीतीप्रमाणे बंद केली होती. खिडकीत पोतं कोंबलेलं, बाजेखाली शेगडी, ओव्याची धुरी. एवढ्यावर इनबाईचं समाधान होतं. मग तिनं नाक वर केलं.

"हा कायचा वास येऊन राहिला वं?"

"फिनाईलचा," आई म्हणाली. "खोली पुसली."

"अन् गोमूत्र?"

"ते आमी सोडलं आता."

"आमीबी देव सोडले इनबाई. पन गोमूत्र का देव हाये? ते त औषध हाये."

"औषध माह्यापाशी हाये," आई म्हणाली आणि कोनाड्याकडे बोट केलं.

आज मला वाटतं की दोघींची मिळून एकच चूक झाली. दवाखान्यात फिनाईल मारत, पण तिथे मोठमोठ्या खिडक्या होत्या आणि वारा खेळता होता. गावाकडे खोली बंद ठेवत, पण तिथे फिनाईल नव्हतं. आमच्या घरी बंद खोली गावची आणि बादली दवाखान्याची. आईला वाटलं, दोन्हीकडचं चांगलं तेवढं घेतलं.

कोनाड्यातली बाटली संपत आली होती म्हणून आई दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन नवी घेऊन आली. दवाखान्यातलं फिनाईल तिनं कधी घरी आणलं नाही, त्या बाबतीत ती फार कडक होती. नवी बाटली नेहमीपेक्षा वेगळी निघाली, मोठी आणि चौकोनी. दुकानदार म्हणाला होता की हे लई जोरदार आहे, लोक गोठ्यात मारायला नेतात. आईनं त्यातलं 'जोरदार' तेवढं ऐकलं. घरी येऊन तिनं घंगाळ भरलं, बाजूला बाळाच्या लंगोटांचा ढीग ठेवला आणि बाटलीचं झाकण फिरवलं. इतक्यात इनबाई आडवी आली.

"थांबा बाप्पा! लेकराच्या कपड्यात हे जहर कायले टाकता?"

"जंतू मरतात."

"ह्याच्यावर काय लिहेल हाये ते त पाहा आधी. कापसावर मारतात त्या दवाईच्या डब्यावर लिहेल राह्यते. आमच्या गावात एकानं न वाचता फवारलं, तीन दिवस ओकत होता."

इनबाईला अक्षर येत नव्हतं, पण त्या घरात विचारायला हवा तो प्रश्न एकटीनं तिनंच विचारला, हे मला आज कबूल केलं पाहिजे. तेव्हा मात्र ती मला एक खेडवळ, भांडखोर बाई वाटली होती. आईचा चेहरा एकदम फुलला. अशी संधी तिला मिळाली नव्हती.

"माही पोट्टी वाचते," ती म्हणाली. "इंग्रजी वाचते. ये वं, वाच."

मी गेले. हातात बाटली घेतली. इंग्रजीचं माझं तिसरं वर्ष होतं. मला गाय, शेतकरी, राजा आणि टेबल एवढं येत होतं. बाटलीवर वरती मोठ्या अक्षरात नाव होतं, ते मी जुळवलं. खाली चार ओळी होत्या, मुंग्यांसारख्या बारीक. त्यातला 'वॉटर' मला कळला. 'फ्लोअर' कळला. बाकी एकही शब्द कळला नाही. अक्षरं लागत होती, अर्थ लागत नव्हता. मी ओठ हलवत राहिले. इनबाई माझ्या तोंडाकडे बघत होती. आतून बहिणीचा आवाज आला, "काय लिहेल हाये?" मी आईकडे पाहिलं. आई हातात झाकण घेऊन उभी होती आणि असं बघत होती की जणू मी आत्ता मामलेदार होऊन दाखवणार आहे.

"बादलीले दोन झाकणं," मी म्हटलं. "फरशीले चालते. कपड्यालेबी चालते."

"लेकराच्या?" इनबाईनं विचारलं.

"लेकराच्याबी."

उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय! सिस्टर बादलीला दोन झाकणं टाकते, असं आई कधीतरी दवाखान्यात ऐकून आली होती, तेच मी बोलून टाकलं. आणि तेही बादलीचं होतं. आमचं घंगाळ बादलीच्या निम्मंसुद्धा नव्हतं, ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही, गणितात पहिला नंबर असून. इनबाई बाजूला सरली. छापलेल्यापुढे ती काय बोलणार? आईनं तिच्या देखत दोन झाकणं घंगाळात ओतली. पाणी पांढरंशुभ्र झालं. "पाहा," आई म्हणाली, "कसं दूध झालं."

मग आमच्या घरात पाच दिवस रोज असं दूध होत राहिलं. लंगोट साबणानं धुवायचे आणि शेवटचं पाणी फिनाईलचं. ते पाणी काढून टाकायचं नाही, औषध कपड्यात राहिलं पाहिजे म्हणून तसेच पिळून वाळवायचे. खोली दोनदा पुसायची. वासाचं असं आहे की नाक त्याला लवकर सरावतं. पहिल्या दिवशी डोळ्यांत पाणी आणणारा वास तिसऱ्या दिवशी जाणवत नाही. आई हुंगून बघायची आणि म्हणायची, "उतरला वाटते जोर." दोनाची तीन झाकणं झाली, तिनाची चार झाली.

बाळ फार गुणी होतं. रडतच नव्हतं. येणाऱ्या-जाणाऱ्या बाया म्हणायच्या, "किती शांत लेकरू हाये वं माय! आमचं त घर डोक्यावर घेते." बहीण हसायची. पाचव्या-सहाव्या दिवशी त्याच्या मांड्या लाल झाल्या. शेगडीची ऊब लागली, असं ठरलं. मग लंगोटांवर डाग दिसायला लागले. ओला लंगोट थोडा वेळ तसाच पडला की त्यावरचा डाग काळसर हिरवा व्हायचा. आईनं तो उजेडात धरून पाहिला आणि म्हणाली, "मळ निघत नाही याचा." त्या दिवशी तिनं घंगाळात पाच झाकणं टाकली.

बहीण मला त्या दिवशी म्हणाली, बाजेवर पडल्या पडल्या, सहज, "लेकराच्या कपड्याले चालते असं लिहेल होतं ना वं खरंच?"

"हो," मी म्हटलं.

पहिलं खोटं मी आईच्या तोंडाकडे बघून बोलले होते, त्यात थोडी तरी घाई होती, लाज होती. हे दुसरं मी निवांत बोलले. तेव्हा जर मी तोंड उघडलं असतं तर तीन दिवस वाचले असते. या 'हो'ची मला जितकी लाज वाटते तितकी आयुष्यात दुसऱ्या कशाचीच वाटत नाही.

आई दिवस मोजत होती. कोणाला सांगत नव्हती, पण मला माहीत होतं. सातवा दिवस गेला. आठव्या दिवशी ती कामावर गेलीच नाही, सकाळपासून बाळाच्या उशाशी बसून राहिली, मधूनमधून त्याची हनुवटी बोटानं हलवून बघत होती. जबडा सैल होता. संध्याकाळ झाली आणि आई उठली, तिनं शेजारपाजारी गूळ वाटला. कारण विचारलं तर म्हणाली, "असाच." इनबाईच्या हातावर गूळ ठेवताना ती म्हणाली, "पाहिलं ना औषध!" इनबाईनं गूळ खाल्ला.

नवव्या दिवशी सकाळी बाळानं दूध ओढलं नाही. बहिणीनं तोंडात दिलं, ओठ हलले नाहीत. हाक मारली, गाल चोळला, डोळा अर्धा उघडला आणि परत मिटला. इनबाईनं त्याला उचललं तर मान लोंबली. लंगोट सोडला तेव्हा मांडीची कातडी कापडाला चिकटून आली. बहीण किंचाळली. इनबाई आईकडे वळून म्हणाली, "अवं माय, काय केलं वं हे!" एवढंच. तिच्या आवाजात भांडण नव्हतं आणि त्यामुळेच मला पहिल्यांदा भीती वाटली.

टांग्यातून दवाखान्यात गेलो. आई, इनबाई, बाळ आणि मी. बहिणीला उठू दिलं नाही. डॉक्टरीणबाई आईला ओळखत होत्या. त्यांनी बाळाला टेबलावर घेतलं, कपडे काढले आणि लंगोट नाकाशी नेला. लगेच दूर केला.

"हे कशात धुतेस?"

"फिनाईलच्या पाण्यात, बाई."

"किती टाकतेस?"

आईनं सांगितलं. पाच झाकणं, घंगाळभर पाण्याला. डॉक्टरीणबाईंनी सिस्टरला ओरडून कोमट पाणी मागवलं आणि स्वतःच बाळ धुवायला लागल्या, साध्या पाण्यानं, पुन्हा पुन्हा. धुता धुता बोलत होत्या. "कातडीतून आत जातं हे, कळतं का? एवढंसं पोर आहे. त्याच्या अंगात भिनलंय. लघवी काळी होत होती का? झाली असणार. कोणी सांगितलं तुला हे कपड्यांना वापर म्हणून? कोणी?"

मी दाराशी होते. इनबाई माझ्याकडे बघत होती. तिनं नुसतं बोट दाखवलं असतं तरी पुरे होतं. ती तोंड उघडणार इतक्यात आई बोलली.

"कोनी नाही सांगतलं. म्याच टाकलं. मले वाचता येत नाही."

"मग वाचता येत नाही तर हात कशाला लावलास?"

"चुकलं बाई."

इनबाईनं ओठ मिटले. मीही मिटले. तेरा वर्षांची मुलगी, आठवीतली, गणितात पहिली, दाराच्या चौकटीला चिकटून उभी राहिली आणि तिच्या आईनं तिचं पाप सगळ्यांसमोर अंगावर घेतलं. मला तेव्हा असंच वाटलं आणि पुढे कित्येक वर्षं असंच वाटत राहिलं.

चार दिवस बाळ दवाखान्यात होतं. चमच्यानं दूध, अंगाला तेल, साधा मऊ कपडा, उघडी खिडकी. त्या चार दिवसांत आई बाळाच्या खोलीत गेली नाही, बाहेर व्हरांड्यात बसून राहायची, तिथून दार दिसायचं. मी शाळेतून सरळ तिथे जायची आणि तिच्या शेजारी बसायची. रोज ठरवायची की आज सांगायचं. मग दप्तर उचलून घरी जायची. चौथ्या दिवशी आतून रडणं ऐकू आलं, चांगलं खणखणीत. आईनं पदर तोंडात कोंबला आणि ती इतकी रडली की येणारे-जाणारे थांबले, त्यांना वाटलं कोणी गेलं.

बाळ वाचलं. कमरेखाली डाव्या बाजूला तळहाताएवढा डाग राहिला, तिथली कातडी पुढेही चुरगळल्यासारखी राहिली. बारसं तेल्हाऱ्याला झालं. जाताना इनबाई आईला म्हणाली, "पुढचं बाळंतपन तिकडेच होईल." आई म्हणाली, "हो." त्यानंतर बहिणीला दोन मुलं झाली, दोन्ही तिकडेच. आईचं बाळंतिणींच्या खोलीतलं काम गेलं, तिला बाहेर कपड्यांकडे लावलं. त्याचीही तक्रार तिनं केली नाही.

इनबाईनं आणखी एक वाक्य ठेवून दिलं होतं. टांग्यात बसता बसता ती माझ्याकडे बघून म्हणाली, "शिकवा बाप्पा पोरीले. चांगले दिवे लावून राहिली." आईनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दुसऱ्या दिवशी तिनं माझी वेणी घातली आणि मला शाळेत पाठवलं, रोजच्यासारखं.

कोनाडा परत रिकामा झाला. आई लंगोट सोड्यात उकळून कडक उन्हात वाळवायला शिकली, पण आमच्या घरी वाळवायला लंगोट नव्हते. शेजारणींना मात्र ती सांगत सुटायची, ऐकोत की न ऐकोत. आणि एक नवीन सवय तिला लागली. घरात कुठलीही बाटली, डबा, पुडी आली, खोकल्याचं औषध असो की ढेकणांची पावडर, ती माझ्यापुढे ठेवायची. "वाच." मी वाचायची. जो शब्द आला नाही तिथे थांबायची आणि म्हणायची, "हे मले समजत नाही." मग ती बाटली न उघडता बाजूला ठेवायची. दुसऱ्या दिवशी शाळेत गुरुजींना विचारून येईपर्यंत ती तशीच राहायची. एकदा वडील खोकून खोकून बेजार झाले होते, त्यांनी दोघींना शिव्या दिल्या. पण आईनं बाटली उघडली नाही.

माझं इंग्रजी असं झालं, धाकानं. कॉलेजात विज्ञान घेतलं तेही कदाचित त्यामुळेच. प्रयोगशाळेत पहिल्याच वर्षी मोरीजवळ एक चौकोनी बाटली दिसली, त्याच नावाची. मी हातात घेऊन चारही ओळी वाचल्या. पाण्यात भरपूर पातळ करून फक्त फरशी व मोऱ्यांसाठी वापरावे. अंगाला लागू देऊ नये. कपडे व भांडी यांना वापरू नये. लहान मुलांपासून दूर ठेवावे. अवघड असं त्यात काही नव्हतं. चार साध्या ओळी होत्या. शिक्षकांनी विचारलं, बरं नाही का म्हणून, तर मी म्हटलं, वास सहन होत नाही.

सत्तर साल उलटल्यावर मला अकोल्याला शाळेत नोकरी लागली. एक खोली भाड्यानं घेतली. पहिल्या दिवाळीच्या सुटीत आई राहायला आली. मी तिच्यासाठी खोली स्वच्छ करायला म्हणून फिनाईलची लहान बाटली आणली होती, मोरीसाठी. तिनं ती पाहिली. अंबाडीची भाजी निवडत बसली होती, हात तसेच ठेवून म्हणाली, "काय लिहेल हाये याच्यावर?"

मी सगळं वाचलं. मराठीत सांगितलं. किती पाण्याला किती, कशाला वापरायचं, कशाला नाही.

"समजलं सगळं?"

"सगळं."

"मंग ठीक."

ती परत देठं खुडायला लागली. आणि मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही.

"माय," मी म्हटलं, "त्या वेळी मले वाचता आलं नव्हतं. म्या मनानंच सांगतलं होतं."

तिनं मान वर केली नाही. "माहीत हाये."

"कवा कळलं? डॉक्टरीणबाईनं सांगतलं तवा?"

"नाही. तवाच. तू वाचून राहिली होतीस तवा तुह्ये डोळे बाटलीवर नव्हते, माह्या तोंडावर होते."

भाजीचा हिरवा वास खोलीभर होता. मी विचारलं, "मंग टाकलं काहून वं?"

आईनं हातातलं देठ खुडलं. "इनबाई पाहून राहिली होती," ती म्हणाली. "तिच्यासमोर कसं म्हनू, माह्या पोट्टीले येत नाही म्हनून? दोन झाकनं टाकली. मले वाटलं, दोन झाकनानं काय होते." मग तिनं निवडलेली भाजी एका बाजूला सारली आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तू समजतेस म्या तुह्यासाठी डॉक्टरीणबाईले खोटं सांगतलं. नाही वं. म्या तिले खरं सांगतलं."